‘जेंडर’चा अभ्यास, व्हाया मोलगी

‘‘काय करतेस सध्या?’’

‘‘जेंडर स्टडीजमध्ये एमए.’’

‘‘अच्छा... आणि मग पुढे?’’

या ‘आणि मग पुढे?’ला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही लग्नाच्या हॉलमध्ये मरण नाही. इंजिनिअरिंग म्हटलं की पॅकेज विचारतात, एमबीए म्हटलं की कॉलेज. स्त्री-अभ्यास म्हटलं की मात्र चेहऱ्यावर एक सहानुभूती उमटते. वर कुणीतरी काका डोळा मारून म्हणणारच, ‘‘म्हणजे आता नवऱ्याचं काही खरं नाही!’’

या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये बसून चार मुलाखती घेता आल्या असत्या. पण स्त्री-अभ्यास करणारी एक मुलगी भेटली, जिचं घर मोलगीजवळच्या एका पाड्यावर आहे. मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून गेलं की सातपुड्यात लागणारं बाजाराचं गाव. वाण्याच्या दुकानात ‘मोलगीची भगर’ मिळते ना, तेच. ती म्हणाली, ‘‘ताई, आमच्या सिलॅबसचा अर्थ मला गावी गेल्यावर लागतो. तुम्ही पण या.’’ म्हटलं, चला!

दोन आकडे, एक कोडं

निघण्याआधी तिने मला होमवर्क दिला होता. २०११च्या जनगणनेतले दोन जिल्हे शेजारी-शेजारी मांडायचे. पुणे : साक्षरता ८६ टक्के, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९१५. नंदुरबार : साक्षरता ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, पण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९७८.

पुण्यात बाहेरून नोकरीला आलेल्या पुरुषांची भर पडते, हे मान्य. पण सहा वर्षांखालच्या मुलांमधलं मुलींचं प्रमाण पाहिलं, तरी नंदुरबार पुण्याच्या पुढेच. ‘शिक्षण आलं की बाईचं भलं होतं’ हे आपलं लाडकं समीकरण इथे पहिल्याच पायरीला अडखळतं. मग काय, आदिवासी समाज म्हणजे स्त्रियांचा स्वर्ग? इतकं सोपं असतं, तर त्यासाठी एमए कशाला लागलं असतं?

हुंडा नाही, म्हणजे प्रश्न नाही?

सातपुड्यात लग्नात पैसे मुलाकडचे देतात. त्याला देज म्हणतात. हुंड्यासाठी कर्ज काढणारा बाप इथे नाही, मुलगी झाली म्हणून कपाळाला हात लावणारा तर नाहीच. या भागाची मोठी देवता याहामोगी, आणि ‘याहा’ म्हणजे आई. ऐकायला सॉलिड वाटतं.

पण देज कशाबद्दल देतात? मुलीचे हात आता दुसऱ्या घरी राबणार, त्याबद्दल. पाणी, सरपण, पेरणी, निंदणी, कैऱ्या चिरून वाळवून आमचूर करणं, सगळ्यात ते हात असतात. त्यांची किंमत समाजाला पक्की ठाऊक आहे. पण ती ठरते दोन घरांच्या पुरुषांमध्ये. आणि ज्या जमिनीवर ते हात आयुष्यभर राबतात, ती कुणाच्या नावावर?

इथे कायद्याचं पान उघडावं लागतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, हे आपल्याला माहीत असतं. मात्र याच कायद्याच्या कलम २(२)नुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे तिथे चालते रूढी. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी, आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा द्यायला हवा, असा निकाल दिला. विरोधात जाणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर समतेचं तत्त्व लागू करायचं, ही त्यातली भूमिका. कायदा मात्र आहे तिथेच आहे.

ही दरी फक्त कागदावर राहत नाही. सातपुड्यात आजही एखाद्या बाईला ‘डाकीण’ ठरवलं जातं, मारहाण होते, गाव सोडावं लागतं. आपण म्हणतो, अंधश्रद्धा! अघोरी प्रथांविरुद्धचा राज्याचा कायदा २०१३मध्ये आला, तो हवाच होता. पण गोविंद केळकर आणि देव नाथन यांच्या झारखंडवरच्या १९९१च्या पुस्तकाने आणखी एक प्रश्न विचारायला शिकवलं : डाकीण ठरलेल्या बाईची जमीन नंतर कुणाला मिळते? हा प्रश्न सुचणं, हेच तर या विषयाचं ट्रेनिंग.

‘मुलगा’ या एका शब्दाची किंमत

मोलगीच्या उत्तरेला नर्मदा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. पुनर्वसनाचा पाया होता १९७९चा नर्मदा जलतंटा लवादाचा निवाडा. त्यात लिहिलं होतं की, घरातला प्रत्येक सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जाईल.

सज्ञान मुलगी? ती त्या वाक्यात नाही. पुढे राज्यांनी आपापली धोरणं आखली, भांडून काही गोष्टी बदलूनही घेतल्या गेल्या. पण सुरुवातीचं वाक्य लिहिणाऱ्यांना मुलगी ‘कुटुंब’ होऊ शकते, हे सुचलंच नव्हतं. त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नसेलही. म्हणून तर हा अभ्यास लागतो. अन्याय दरवेळी मिशीला पीळ देत येत नाही, कधी तो व्याख्येच्या कलमात गुपचूप बसलेला असतो.

याच्या उलट उदाहरणही मोलगीतच पाहायला मिळालं. २००६च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) आहे : जमीन कसणारे नवरा-बायको असतील, तर हक्क दोघांच्या नावे नोंदवायचा. माझ्या मैत्रिणीने प्रोजेक्टसाठी पाड्यावरची अशी प्रमाणपत्रं बघायला सुरुवात केली, ती स्वतःच्या घरापासून. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढून दिला आणि सांगितलं, ‘‘हा तुझ्या बाचा कागद.’’ मुलीने बोट ठेवून वाचून दाखवलं, ‘‘याहा, इथे तुझं पण नाव आहे.’’ आई क्षणभर बघत राहिली. मग तिने कागद परत घडी घालून ठेवला, पण या वेळी आपल्या पेटीत.

हा विषय आला कुठून?

ही परदेशी फॅशन आहे असं वाटत असेल, तर जरा थांबा. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ बुलढाण्यातून आलं, तेही १८८२मध्ये! विद्यापीठात या विषयाला पहिली खोली मिळाली ती मुंबईत. १९७४मध्ये एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने देशातलं पहिलं स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांच्या स्थितीवरच्या राष्ट्रीय समितीने ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ हा अहवाल दिला आणि स्वतंत्र भारतात सगळं आलबेल असल्याचा समज मोडून काढला.

आणि विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, म्हणजेच मथुरा प्रकरण. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले, तेव्हा १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या चौघांपैकी पुणे विद्यापीठातल्या वसुधा धागमवार यांनी याच अक्कलकुवा-अक्राणी भागातल्या आदिवासींमध्येही काम केलं. म्हणजे क्लासरूम आणि सातपुडा यांच्यातला घाट आधीही कुणीतरी चढलेलं आहे.

पुणे विद्यापीठात १९८७पासून स्त्री-अभ्यास केंद्र आहे. तिथे शर्मिला रेगे यांनी (त्या २०१३मध्ये गेल्या) जात बाजूला ठेवून बाईचा अभ्यास होऊच शकत नाही, हे ठामपणे मांडलं. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या मुलामुलींसाठी मराठीतून शिकवणं, वाचनसाहित्य तयार करणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. पावरी किंवा भिली घरात, मराठी शाळेत आणि इंग्रजी पुस्तकात असा तीन भाषांचा प्रवास करणाऱ्या मुलीसाठी ही मदत म्हणजे आत येण्याचा दरवाजा.

तर मग, ‘पुढे?’

नोकऱ्या आहेत. स्वयंसेवी संस्था, संशोधन, मीडिया, सरकारी योजनांचं मूल्यमापन, झालंच तर आपल्यासारख्यांची ऑफिसं. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते, आणि तिच्यात विषयाची जाण असणारी बाहेरची सदस्यही. आयटीतलं पॅकेज मिळेल का? बहुधा नाही. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण या अभ्यासातून हाती लागतात ते तीन साधे प्रश्न. काम कुणी केलं? मोजलं कुणाचं? आणि कागदावर नाव कुणाचं? मोलगीत ते जमिनीला लावले, तर टू-बीएचकेमध्येही लावता येतात. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हा आकडा सबंध देशाचा आहे, ब्रॉडबँडवाल्या घरांसकट.

मोलगीतल्या आईकडे निदान दोघांच्या नावाचा कागद निघाला. या वीकेंडला घरातली फाइल काढा आणि फ्लॅटच्या अॅग्रीमेंटवर कुणाकुणाचं नाव आहे ते बघा. सोमवारी ऑफिसात अंतर्गत समितीत कोण आहे, विचारा. उत्तर पटकन मिळालं नाही, तर लग्नाच्या हॉलमधल्या त्या मुलीला ‘आणि मग पुढे?’ विचारण्याआधी तिच्याशी पाच मिनिटं बोला.