रिकाम्या भासणाऱ्या लहरींचे मोल

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात एडवर्ड्स हा हवाई तळ आहे. तेथे नव्या लढाऊ विमानाची चाचणी सुरू असते, तेव्हा विमानात एक किंवा दोनच माणसे असतात. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात मात्र अभियंत्यांचा एक पूर्ण गट पडद्यांवर नजर रोखून बसलेला असतो. पंख किती वाकला, शेपटी किती थरथरली, इंजिनाचे तापमान कुठवर चढले, याची नोंद विमानभर बसवलेले शेकडो, कधी हजारो संवेदक घेतात आणि ती रेडिओलहरींवरून क्षणोक्षणी खाली पोहोचते. या व्यवस्थेला टेलिमेट्री, म्हणजेच दूरमापन म्हणतात. मोबाइल ब्रॉडबँडची भूक वाढत गेली, तशी याच लहरींवर गेली तीन दशके टाच येत आहे.

नोंदी विमानातच साठवून ठेवल्या आणि विमान उतरल्यावर वाचल्या तर काय बिघडले, असा प्रश्न कोणालाही पडेल. तशा नोंदी साठवल्या जातातच. पण चाचणी उड्डाणाचा हेतूच मुळी विमानाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेण्याचा असतो. ‘फ्लटर’ या संकटाचे उदाहरण घेता येईल. विशिष्ट वेगाला पंखाची लवचिकता आणि त्यावरून वाहणारी हवा परस्परांना साथ देऊ लागतात. मग पंखाचे कंपन विरण्याऐवजी वाढत जाते आणि काही सेकंदांत पंख मोडू शकतो. म्हणून वेग पायरीपायरीने वाढवला जातो. प्रत्येक पायरीवर कंपन किती लवकर विरते, हे जमिनीवरचे अभियंते पाहतात आणि मगच पुढच्या पायरीला संमती देतात. वैमानिकाला जे जाणवत नाही, ते त्यांना आलेखात दिसते. लहरींत व्यत्यय आला आणि पडद्यावरची रेघ तुटली, तर चाचणी तिथेच थांबवावी लागते. ती रेघ नको त्या क्षणी तुटली, तर ‘थांबा’ सांगायला कोणी उरत नाही.

हा व्यत्यय इतक्या सहज का येतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. विमानातील प्रक्षेपकाची शक्ती काही वॅटची असते आणि विमान अनेकदा दोनशे किलोमीटर दूर असते. मोबाइलचा मनोरा दोन किलोमीटरवर असेल, तर अंतरातला फरक शंभर पट होतो. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात लहरी क्षीण होतात. म्हणजे दोघांची शक्ती समान धरली, तरी विमानाचा संदेश मनोऱ्याच्या संदेशाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढाच भरतो. तो टिपण्यासाठी जमिनीवर मोठ्या, अतिसंवेदनशील तबकड्या असतात. दूरचे विमान क्षितिजालगत असल्याने या तबकड्यांना जवळजवळ आडवे पाहावे लागते, आणि मनोरेही नेमके त्याच रेषेत येतात.

उलट बाजूनेही अडचण आहेच. बारा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला सुमारे चारशे किलोमीटरपर्यंतचे क्षितिज मोकळे असते. त्याच्या लहरी एवढ्या मोठ्या टापूत पोहोचतात. म्हणून शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन चाचणी केंद्रांनाही एकच वारंवारता एका वेळी वापरता येत नाही. साहजिकच एखाद्या शहरात यंत्र लावून मोजणी केली, तर हा पट्टा बराच वेळ रिकामा आढळतो. हे रिकामेपण अग्निशमन बंबाच्या रस्त्यासारखे आहे. बंब रोज जात नाही, म्हणून त्या रस्त्यावर दुकाने थाटता येत नाहीत.

अमेरिकेत या कामासाठी प्रामुख्याने १४३५ ते १५२५ आणि २३१० ते २३९० मेगाहर्ट्झ हे पट्टे होते. सरकारी चाचण्यांसाठी त्याखेरीज आणखी काही पट्टे वापरले जात. १९९२ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर २३१० ते २३६० हा भाग अमेरिकेत उपग्रह रेडिओसाठी मोकळा करण्याचे ठरले. पुढे १९९७ मध्ये संसदेच्या आदेशावरून २३०५ ते २३२० आणि २३४५ ते २३६० या पट्ट्यांचा बिनतारी सेवांसाठी लिलाव झाला. सुमारे १८० कोटी डॉलरची अपेक्षा असताना हाती आले केवळ १ कोटी ३६ लाख डॉलर. ऐंशी मेगाहर्ट्झपैकी पन्नास मेगाहर्ट्झवर विमान चाचणीला पाणी सोडावे लागले.

चाचणी करणारे त्यानंतर स्वस्थ बसले नाहीत. तीच माहिती जवळपास निम्म्या रुंदीत बसवणाऱ्या नव्या प्रक्षेपणपद्धती त्यांनी विकसित केल्या. परंतु त्याच काळात विमानेही गुंतागुंतीची होत गेली, संवेदकांची संख्या वाढली आणि झालेली बचत नव्या गरजेने गिळून टाकली. अखेर २००७ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने दूरमापनाला जादा जागा दिली. त्यात अमेरिका खंडांसाठी आणि ऑस्ट्रेलियासाठी ४४०० ते ४९४० मेगाहर्ट्झचा पट्टा होता, शिवाय ५०९१ ते ५१५० चाही समावेश होता. या उंच वारंवारतेला वाटेत घट अधिक होते आणि तबकडीला विमानाचा माग अधिक काटेकोरपणे ठेवावा लागतो. तरीही हा मोठा दिलासा होता.

त्याची निकड लवकरच सिद्ध झाली. अमेरिकी संरक्षण खाते दूरमापनासाठी वापरत असलेल्या पट्ट्यातील १७५५ ते १७८० मेगाहर्ट्झचा भाग २०१४-१५ च्या लिलावात गेला. संपूर्ण लिलावाची बोली जवळपास ४५ अब्ज डॉलरवर पोहोचली. विस्थापित झालेल्या यंत्रणांना नव्या उंच पट्ट्यांकडे वळवण्याचा खर्च या रकमेतून भागवण्याची तरतूद होती. आणि आता ज्या आश्रयस्थानी त्यांना धाडले, त्याच्याच दारावर थाप पडली आहे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या अमेरिकी कायद्याने ८०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम लिलावासाठी शोधण्याचे उद्दिष्ट ठेवले असून, ४.४ ते ४.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा अभ्यास करण्यासही सांगितले आहे. अभ्यास म्हणजे निर्णय नव्हे, हे खरे. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, अशी चाचणी क्षेत्राची भावना झाली तर नवल नाही.

मोबाइल कंपन्यांचा दावा पोकळ आहे, असे म्हणता येणार नाही. मोबाइलवरून वाहणारी माहिती सतत वाढत गेली आहे. शिक्षण, बँक व्यवहार, आरोग्य अशा सगळ्यांचाच भार तिच्यावर आहे. लिलावाचा पैसा सार्वजनिक तिजोरीत जातो, हेही विसरून चालणार नाही. म्हणून ‘एक इंचही देणार नाही’ ही भूमिका टिकणारी नाही. आजवर टिकले आहेत ते समन्वयाचे मार्ग. २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २.३ गिगाहर्ट्झच्या बिनतारी सेवेला नियम घालून दिला, की दूरमापनाच्या तबकडीपासून ४५ किलोमीटरच्या आत किंवा तिच्या दृष्टिरेषेत मनोरा उभारायचा तर आधी समन्वय साधावा. २०१२ मध्ये रुग्णांच्या अंगावरील बिनतारी वैद्यकीय संवेदकांना २३६० ते २३९० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला, पण रुग्णालयाच्या इमारतीत आणि समन्वयाच्या अटीवर. या तडजोडीचा आराखडा वैद्यकीय उपकरण उद्योग आणि विमान चाचणीच्या लहरींचा समन्वय पाहणारी परिषद यांनी मिळून मांडला होता. २०१५ मध्ये व्यावसायिक कार्यक्रमांतील बिनतारी ध्वनिक्षेपकांना १४३५ ते १५२५ च्या पट्ट्यात अशाच अटींवर प्रवेश मिळाला.

या तिन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. पाहुणा कोण, कुठे आणि किती शक्तीचा, हे आधी ठाऊक होते. लाखो खिशांतून फिरणाऱ्या मोबाइलच्या बाबतीत तसे सांगता येत नाही. म्हणूनच रुग्णालयाला लागू पडलेला तोडगा मोबाइल जाळ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

भारताला हा विषय परका नाही. अमेरिकेने ज्याचा एक भाग विमान चाचणीसाठी राखला, त्याच २३०० ते २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी भारताने २०१० मध्ये ब्रॉडबँडसाठी लिलावात काढल्या आणि त्या लिलावातून सुमारे ३८,५०० कोटी रुपये मिळवले. आज त्यांवर ४-जी चालते. दुसरीकडे, ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूत प्रथम झेपावलेल्या ‘तेजस’ची ‘मार्क-१ए’ ही सुधारित आवृत्ती १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथून उडाली. स्वतःची विमाने घडवू पाहणाऱ्या देशाला स्वतःच्या चाचण्यांसाठी निर्धोक लहरीही लागतात. भारताचा समावेश असलेल्या विभागात ४४०० ते ४८०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलला द्यावा का, हा प्रश्न २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेच्या विषयपत्रिकेवर आहे. तेथे भूमिका ठरवताना लिलावाची रक्कम एका पारड्यात सहज टाकता येईल. दुसऱ्या पारड्यातील जिन्नस मोजणे कठीण आहे. कारण वेळेवर थांबवलेल्या चाचणीची आणि सुखरूप उतरलेल्या वैमानिकाची कुठे बातमी होत नाही.