पेशीतील दप्तर आणि त्याचे रुमाल

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत वसलेला मुळशी तालुका आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध आहे. आवणीच्या दिवसांत पौडहून ताम्हिणीकडे जाताना खाचराखाचरांतून नुकतीच लावलेली रोपे दिसतात. त्यांतील एक रोप हाती घेऊन पाहावे. मूळ पांढरे, पान हिरवे. एकाचे काम पाणी शोषण्याचे, दुसऱ्याचे सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याचे. तथापि, दोहोंच्या पेशींत आनुवंशिक मजकूर एकच असतो. गुणसूत्रांच्या त्याच बारा जोड्या आणि प्रत्येक संचात तीच सुमारे ३९ कोटी अक्षरे. एका जातीच्या भातास सुवास असतो व दुसऱ्या जातीस नसतो, हा फरक अक्षरांचा आहे. मूळ आणि पान यांतील फरक मात्र अक्षरांचा नाही. मग तो कशाचा?

ज्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर पाहिले असेल, त्यांना याचे उत्तर समजणे कठीण जाऊ नये. तेथील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद दप्तरात असतो, पण रुमाल सोडल्यावाचून तो वाचता येत नाही. पेशीतही असेच घडते. मानवी पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल आणि तो ज्या केंद्रकात मावतो, ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान असते. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळाभोवती या धाग्याचे, म्हणजे सुमारे १४७ अक्षरांचे, पावणेदोनच्या आसपास वेढे बसतात. अशा लक्षावधी रिळांची पुन्हा घडी पडते. घडी जेथे सैल, तेथील जनुक वाचले जाते; जेथे घट्ट, तेथील जनुक असूनही मुके राहते. पानात हरितद्रव्यासंबंधीचे रुमाल सुटलेले असतात, जमिनीखालच्या मुळात ते बहुतांशी बांधलेले असतात.

हे रुमाल सोडतो कोण आणि बांधतो कोण? या प्रश्नावर पुण्यातच महत्त्वाचे संशोधन झाले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असताना डॉ. संजीव गलांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या रक्तपेशींतील ‘सॅटबी-१’ या प्रथिनाचा अभ्यास केला. या प्रथिनावर फॉस्फेटचा अंश जडला, की ते घडी घट्ट करणाऱ्या विकरास जवळ बोलावते. तो अंश नसला, की हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवून घडी सैल करणाऱ्या विकराशी हातमिळवणी करते. एकच कारकून वरिष्ठांच्या शेऱ्यानुसार कधी दप्तर बांधतो, कधी उघडतो, असे म्हणण्यास हरकत नाही. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. डॉ. गलांडे यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते पाषाण येथील ‘आयसर’ या संस्थेत रुजू झाले.

या ज्ञानाचा आपल्या राज्याशी अगदी निकटचा संबंध आहे. नंदुरबार, गडचिरोली आदी जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या एका जनुकातील एकाच अक्षराच्या बदलामुळे होतो. परंतु गर्भावस्थेत बाळ निराळ्याच जनुकापासून बनलेले हिमोग्लोबिन वापरते. त्या जनुकात हा दोष नसतो. जन्मानंतरच्या काही महिन्यांत त्या जनुकाचा रुमाल बांधला जातो व दोषयुक्त जनुकाचा अंमल सुरू होतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. हा रुमाल बांधणाऱ्या प्रथिनाचे नाव ‘बीसीएल-११-ए’. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूलपेशींत या प्रथिनाची निर्मिती रोखणाऱ्या उपचारास २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली! आपल्या आश्रमशाळेतील मुलास त्याचा लाभ कधी होईल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तोवर भर तपासणीवर आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता चारात एक असते. येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. असे बाळ पहिले काही महिने गुटगुटीत दिसते, कारण जुना रुमाल अद्याप पुरता बांधला गेलेला नसतो. “बाळ ठणठणीत आहे, तपासायचे कशाला?” असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, ते याच काळात. याच कारणाने सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत साध्या सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबता येत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीच करून घ्यावी लागते.