मूत्रपिंडाची मुदत

जीव जन्मास आला म्हणजे त्याचे सर्व अवयव पूर्णत्वास पोहोचले, ही आपली समजूत मूत्रपिंडाच्या बाबतीत सर्वस्वी खरी नव्हे. रक्त गाळून मूत्र वेगळे करणारी जी सूक्ष्म एकके, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात, ती मानवी गर्भात साधारणतः छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत निर्माण होत राहतात आणि पुढे आयुष्यभर एकही नवे तयार होत नाही. पांढऱ्या उंदराच्या पिलात मात्र हे कार्य जन्मानंतरही आठ-दहा दिवस चालू असते, आणि म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे मूत्रपिंड जाणून घेण्यास हे पिलू फार मोलाचा दाखला ठरते.

स्वीडनमधील संशोधकांनी अशा नवजात पिलांना एनालाप्रिल हे रक्तदाब उतरविणारे औषध दिले आणि त्याचे फलित १९९४ साली प्रसिद्ध केले. औषध बंद झाले, पिले वाढली, तरी त्यांच्या मूत्रपिंडाचा आतला निमुळता भाग खुरटलेलाच राहिला, आणि मूत्र दाट करून शरीरातील पाणी राखण्याची शक्ती कायमची क्षीण झाल्याने ती प्रौढपणीही पातळ मूत्र फार मोठ्या प्रमाणात टाकू लागली. हेच औषध पहिल्या दोन आठवड्यांनंतर सुरू केले असता मात्र ही विकृती उद्भवली नाही. याचे कारण असे, की एनालाप्रिल ज्या अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकाची निर्मिती रोखते, ते प्रौढ देहात रक्तवाहिन्या आकुंचित करीत असले, तरी कोवळ्या मूत्रपिंडात घडणीचा अंमल त्याच्याच हाती असतो. मूत्र पुढे ढकलणारे स्नायूदेखील त्याच्याच प्रेरणेने तयार होतात. विषाची मात्रा किती, एवढेच विचारण्याची आपली जुनी रीत येथे अपुरी पडते. ते कोणत्या मुदतीत दिले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ही गोष्ट एकट्या एनालाप्रिलची नव्हे. जेंटामायसिन हे प्रतिजैविक गर्भिणी उंदरांना दिले असता पिलांतील नेफ्रॉनची संख्या घटते. कॉक्स-२ हे विकर रोखणाऱ्या वेदनाशामकांनी नवजात पिलांतील गाळणीचे गुच्छ खुजे राहतात. अर्थात प्राण्यांवरील निष्कर्ष मनुष्यास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, आणि जंतुसंसर्गाने प्राण कंठाशी आलेल्या अर्भकास जेंटामायसिन नाकारणे हा तर अविचारच होईल.

तथापि गरोदर स्त्रीने घरात उरलेली वेदनाशामक गोळी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकास रुग्णालयात दिलेल्या औषधांची यादी आईबापांनी मागून घेऊन दप्तरी जपून ठेवावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.