चौघांचा बोलपट

मुलगा बोलपटाच्या नादी लागला की घरची वडील मंडळी धास्तावतात, आम्हीही त्यांतलेच. पण पुण्यास ‘प्रभात’च्या जुन्या आवारात १९६० साली निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील एका उद्योगाने आमचे मत डळमळले. चिदानंद नाईक (हे शिक्षणाने डॉक्टर!) यांनी कानडी लोककथा निवडली: म्हातारी कोंबडा चोरते नि गावात सूर्यच उगवेनासा होतो. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन व ध्वनी या शाखांच्या चौघा विद्यार्थ्यांनी मिळून हा १६ मिनिटांचा पट केला. चित्रण अवघ्या ४ दिवसांत! आमच्याकडे चौघांत लग्नपत्रिकेचा मजकूर ठरावयास आठवडा लागतो. २०२४ साली कान येथे विद्यार्थी-चित्रपटांत त्यास पहिले पारितोषिक लाभले. आता पुतण्या प्रवेशपरीक्षेस बसू म्हणतो. आम्हांस अद्याप ‘नाही’ म्हणवलेले नाही.