मांडवातल्या खुर्चीची घडी

घरातली प्लॅस्टिकची खुर्ची एकदा उलटी करून बघा. बैठकीच्या खालच्या अंगाला, साधारण मध्यावर, एक छोटा गोल वण दिसेल. ही त्या खुर्चीची बेंबी. पाठ, हात, बैठक, चारही पाय असा सगळा ऐवज या एवढ्याशा जागेतून आत आलेला असतो. कुठे जोड नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. अशा एकसंध खुर्चीला जगभर मोनोब्लॉक म्हणतात. आपल्याकडे ती मांडवात, रसवंतीत आणि सोसायटीच्या वॉचमनपाशी असते, त्यामुळे तिच्याकडे कोणी डिझाइन म्हणून बघत नाही.

कारखान्यात माल येतो तो साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात. धंद्यात त्याला दाणाच म्हणतात. हे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिन असतं. ते 160 अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे वितळतं, पण नीट वाहावं म्हणून यंत्रात 200च्या वर तापवतात. गरम नळीत एक मोठा स्क्रू फिरत असतो. तो दाणा पुढे ढकलतो, मळतो, आणि चकलीच्या सोऱ्यासारखा दाब देऊन वितळलेला रस साच्यात सोडतो. साचा पोलादाचा, दोन भागांचा. रस आतून इतक्या जोराने रेटतो की ते दोन भाग उघडू नयेत म्हणून शेकडो टनांच्या दाबाने आवळून धरावे लागतात. साचा भरायला काही सेकंद पुरतात. खरा वेळ जातो तो रस थंड होण्यात, त्यासाठी पोलादाच्या पोटातून पाणी खेळवलेलं असतं.

आता जाडी बघा. प्लॅस्टिक दुप्पट जाड केलं तर थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो, आणि जाड जागी वरून खळगा पडतो तो वेगळाच. म्हणून खुर्ची सगळीकडे सारखी पातळ, काही मिलिमीटरचीच ठेवावी लागते. पण पातळ पत्रा वाकतो. अडीच किलोच्या आसपासची ही वस्तू शंभर किलोचा माणूस पेलते, ती कशावर?

घडीवर. एक पोस्टकार्ड टोकाला धरा, ते मान टाकेल. मधोमध उभी घडी घालून धरा, ताठ राहील. खुर्चीच्या पायावरून बोट फिरवा. तो भरीव नसतो, आतून मोकळा असतो, लोखंडी अँगलसारखा दुमडलेला. बैठकीच्या कडा खाली वळवलेल्या, पाठीच्या कडा मागे वळवलेल्या. बैठकीला दिलेला खोलगटपणा आपल्या सोयीसाठी आहेच, पण सपाट पत्र्यापेक्षा वाटी कमी लवते हेही त्यामागचं कारण. हातांचंही तसंच. कोपर टेकायला हे त्यांचं दुय्यम काम, असं मला वाटतं. पाठ आणि पुढचा पाय यांना ते बांधून ठेवतात, म्हणून रेलल्यावर पाठ मागे लवत नाही. बिनहाताच्या खुर्चीत हा ताण एकट्या मागच्या कोनाला सोसावा लागतो.

दुसरी गंमत उताराची. साच्यातून खुर्ची सुटायची तर तिची एकही बाजू अगदी सरळ उभी चालत नाही, सगळीकडे थोडा तिरकेपणा लागतो. पेल्यात पेला बसतो, पण सरळ उभ्या भिंतींच्या डब्यात तसलाच डबा बसत नाही. खुर्च्यांची चळत लागते ती याच तिरकेपणामुळे. म्हणजे जी गोष्ट साच्याची अडचण होती, तीच मंडपवाल्याची सोय झाली.

पाठीतल्या फटींनी वारा लागतो आणि माल वाचतो. पण रस प्रत्येक फटीला वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतो, आणि तो भेटीचा सांधा जरा कच्चा राहतो. फटी कुठे द्यायच्या यात म्हणूनच कारागिरी असते.

एकाच तुकड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची हे स्वप्न डिझायनरांनी 1960च्या दशकातच पाहिलं होतं. व्हर्नर पँटनची नागमोडी खुर्ची 1967ची. पण 1972 मध्ये आँरी मासोने या फ्रेंच माणसाने ‘फोतय 300’ नावाची खुर्ची दोन मिनिटांच्या आत साच्यातून काढून दाखवली, आणि पुढे स्वस्ताईची वाट मोकळी झाली. जॅस्पर मॉरिसनने 1999 मध्ये ‘एअर-चेअर’साठी वेगळी युक्ती वापरली. साच्यात रस गरम असतानाच आत वायू फुंकायचा, म्हणजे पाय पोकळ नळीसारखे होतात. दुमडलेला पाय नको असेल तर हा देखणा उपाय, पण यंत्र महाग. कॉन्स्टांटिन ग्रचिच 2020च्या ‘बेल’ खुर्चीत पुन्हा साध्या वाटेवर आला: पुनर्वापराचं पॉलिप्रॉपिलिन, वजन 2.7 किलो, आणि ताकद पुन्हा वळणांतूनच.

स्वस्त खुर्ची लवकर का मोडते? उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. गच्चीवरच्या खुर्चीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, ती त्याचीच. शिवाय खर्च वाचवायला दाण्यात खडूची पूड मिसळतात. थोडी असली तर खुर्ची ताठ होते, फार झाली तर ठिसूळ. घरच्या घरी परीक्षा करायची तर मोडका तुकडा बादलीत टाका. निव्वळ पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलकं असल्याने तरंगतं, पूड जास्त असेल तर तुकडा तळ गाठतो.

तडा जातो तो बहुधा मागचा पाय बैठकीला मिळतो त्या कोपऱ्यात. मागच्या दोन पायांवर झुलणारे काका सगळा भार तिथेच टाकतात. या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही. म्हणून तड्याच्या दोन्ही अंगांना तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडायची आणि बारीक तारेने टाके घालायचे, गोधडीला घालतात तसे.