उन्हाने रॅम जाते?

चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही भंडारा जिल्ह्यातली मॉईल कंपनीच्या मँगनीज खाणींची गावं. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि नेमक्या त्याच दिवसांत दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर गर्दी वाढू लागते. संगणक निळा पडदा दाखवून बंद पडला की निदान ठरलेलं असतं: ‘उन्हाने रॅम गेली.’ हे निदान घाईचं आहे.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून डीडीआर४मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरली जाते. चिपचं तापमान ८५ अंशांपुढे गेलं की हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. तेव्हा ४५ अंशांची खोली रॅम मारत नाही. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या, पण त्यात तापमानाचा वाटा अगदी थोडा निघाला. ऊन नडतं ते वेग ताणलेला असेल तेव्हा. तिथे चुकीला जागा आधीच कमी उरलेली असते.

हा वेग कसा ताणला जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. स्टिकवर छापलेला ३६०० हा आकडा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेल्या वेगवान सेटिंगचा असतो. बायोसमध्ये ते सुरू केलं नाही, तर रॅम २१३३ किंवा २४००सारख्या प्रमाणित वेगावर चालते. सुरू केलं की व्होल्टेज १.२वरून साधारण १.३५वर जातं. हे ओव्हरक्लॉकिंगच आहे. १.३५ व्होल्टने रॅमचं आयुष्य संपत नाही, उत्पादक त्यावरच वॉरंटी देतात. खरा प्रश्न प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला आणि मदरबोर्डला तो वेग झेपतो का, हा आहे.

‘सीएल (कॅस लेटन्सी, म्हणजे डेटा मिळेपर्यंतचे क्लॉकचे ठोके) लहान तर रॅम वेगवान’ हेही अर्धसत्य. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागा: ३२००ची सीएल १६ आणि ६०००ची सीएल ३०, दोन्हींचा विलंब १० नॅनोसेकंदच. आणि ३२००च्या शेजारी २४००ची स्टिक लावली, तर दोन्ही २४००वर येतात. त्यापेक्षा सारख्या दोन स्टिक योग्य खाचांत लावून ड्युअल चॅनल मिळवणं कितीतरी शहाणपणाचं.

रॅम लिहून-लिहून झिजते, ही समजूत एसएसडीवरून आलेली. तशी झीज रॅमला नाही.

म्हणून नवी रॅम घेण्याआधी स्टिक काढून खाचेतली धूळ साफ करा, बायोस मूळ सेटिंगवर आणा आणि मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. चुका थांबल्या, तर दोष सेटिंगचा किंवा खाचेतल्या धुळीचा होता. एकच स्टिक प्रत्येक खाचेत चुकत असेल, तर ती बदला. वॉरंटीही तपासा, अनेक कंपन्या रॅमवर आजीवन वॉरंटी देतात.