न उघडणारी खतावणी

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात कमर्शियल स्ट्रीटवरून रसेल मार्केटकडे निघालं, की कापड, दागिने, भांडी, मसाले, गाड्यांचे सुटे भाग अशी दुकानांची रांग संपता संपत नाही. यांतल्या कितीतरी दुकानांचे वर्षानुवर्षांचे व्यवहार, गिऱ्हाइकांची उधारी, जीएसटीचा पै-पैचा हिशेब गल्ल्यामागच्या संगणकात एका फोल्डरमध्ये मावलेला असतो. फोल्डरला नावही नसतं, नुसता आकडा असतो: १००००, १०००१ असा काहीतरी. मार्चअखेरीला, नेमकं घाईच्या वेळी, ते उघडायला जावं आणि पडद्यावर ‘इंटर्नल व्हेरिफिकेशन फेल्युअर’ अशी ओळ यावी, म्हणजे दुकानदाराच्या पायाखालची जमीन सरकते. पण ही ओळ का येते ते समजून घेतलं, तर हिशेब या गोष्टीचंच एक विलक्षण रूप दिसतं.

हा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर याच शहरातलं. कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब सांभाळील असं सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी ते गणिताचे पदवीधर असलेल्या मुलाकडून, भरत गोएंकांकडून, लिहून घेतलं. १९८६ साली ‘प्युट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’ या नावानं ते आलं आणि पुढे ‘टॅली’ झालं. त्या काळच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. इथे मात्र माणूस वहीत लिहितो तसं खात्याचं नाव लिहायचं. टॅली दुकानादुकानांत पोचलं त्यामागे मला तरी ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. २०२० साली भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली.

आता त्या फोल्डरच्या आत पाहू. टॅली ईआरपी ९ च्या फोल्डरमधल्या मुख्य फायलींच्या नावांना ९०० ही शेपटी असते, तर त्यानंतरच्या नव्या टॅलीप्राइममध्ये १८००. मॅनेजर, ट्रॅनएमजीआर, लिंकएमजीआर अशी त्यांची नावं. नावांवरूनच कामाची वाटणी कळते: खाती एकीकडे, व्यवहार दुसरीकडे आणि त्यांना जोडणारे धागे तिसरीकडे. एक साडी उधारीवर विकली, की नोंद एकच होते, पण ती गिऱ्हाइकाच्या खात्याशी, विक्रीशी, केंद्राच्या आणि राज्याच्या करखात्यांशी आणि शिल्लक मालाशी बांधलेली असते. हे सगळे धागे एकाच वेळी बांधले जायला हवेत. संगणकाची डिस्क मात्र साधारण ५१२ किंवा ४,०९६ बाइटच्या तुकड्यांनी लिहिते. मोठ्या तुकड्यात देवनागरीची तेराशेच्या आसपास अक्षरं मावतात, बस्स. शिवाय लिहायला सांगितलं, की विंडोज लगेच लिहीलच असं नाही. मजकूर काही क्षण मेमरीत थांबतो. त्याच क्षणी वीज गेली, किंवा कोणी पेनड्राइव्ह ओढून काढला, की साडी गिऱ्हाइकाच्या नावे पडलेली असते आणि मालसाठ्यात तशीच घडी घालून ठेवलेली असते.

हिशेबाच्या दृष्टीनं ही अशक्य स्थिती आहे. म्हणून प्रोग्रॅम पुढे जायला नकार देतो. एरवी आपण याला बिघाड म्हणतो, पण तो चुकीचा आकडा खराखुरा म्हणून दाखवत नाही, हे केवढं मोलाचं आहे! १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणितज्ञानं नावे आणि जमा या दोन बाजूंची, म्हणजेच दुहेरी नोंदीची, पद्धत छापून जगापुढे ठेवली, तेव्हापासून हिशेबाच्या पोटातच ताळा आहे.

दुरुस्तीचा मार्गही जुन्या हिशेबातच आहे. कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमानं लिहायचे आणि मग ते खातेवार खतावणीत उतरवायचे, ही आपल्याकडची रीत. वाळवीनं खतावणी खाल्ली तरी कीर्द धड असली, की सगळी खतावणी पुन्हा बांधता येते. टॅलीतलं ‘रीराइट’, म्हणजेच टॅलीप्राइममधलं ‘रिपेअर’, याच जातीचं काम करतं. ज्या नोंदी वाचता येतात त्या पुन्हा वाचायच्या आणि रचना नव्यानं लिहून काढायची. मात्र ही दुरुस्ती त्याच फायलींवर लिहिते. म्हणून पहिलं काम एकच: सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा आणि दुरुस्ती त्या कॉपीवरच करायची. घाबरून थेट विंडोज नव्यानं टाकणाऱ्यांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं.

कितीतरी वेळा डेटाला काहीच झालेलं नसतं. प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी शोधत असतो, कारण डेटाचा पत्ता बदललेला असतो. डिस्क भरलेली असते, अँटिव्हायरसनं एखादी फाइल उचलून बाजूला ठेवलेली असते, किंवा फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते. हे आधी तपासावं.

फाइल न उघडण्याचं एक कारण मला फार भावतं. फाइल म्हणजे नुसत्या आकड्यांची माळ. ती कशी वाचायची हा करार वाचणाऱ्याजवळ असतो. एक्सेलच्या आजच्या फाइलची पहिली दोन अक्षरं ‘पीके’ असतात, कारण ती मुळात झिप फाइल असते आणि झिपच्या कर्त्याचं नाव फिल कॅट्झ. विंडोजवरचा टॅलीचा प्रोग्रॅमही सुरू होतो ‘एमझेड’ या अक्षरांनी: मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. हा करार बदलला, की धडधाकट फाइलही मुकी होते. २०२३ मध्ये टॅलीप्राइमची तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुना डेटा नव्या रचनेत न्यावा लागला, आणि नव्या रचनेतला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गाठ सुटते, कागद उलगडतो, शाई स्पष्ट असते. मोडी वाचता येत नसेल तर जमाखर्चाची ती फाइल उघडूनही बंदच!

टॅलीव्हॉल्ट हे टॅलीतलं पासवर्डचं कुलूप मात्र वेगळं. ते लावलं, की यादीत कंपनीचं नावसुद्धा चांदण्यांमागे लपतं आणि डेटा सांकेतिक होतो. पासवर्ड विसरला तर तो टॅली बनवणाऱ्यांकडेही मिळत नाही.

आणि सगळंच गेलं तर? इथे दुहेरी नोंदीचं सगळ्यात मोठं आश्चर्य समोर येतं. माझं देणं हे कोणाचं तरी येणं असतं. शिवाजीनगरातल्या दुकानाची खरेदी पुरवठादारांच्या वहीत असते आणि त्यांनी विवरणपत्र भरलं, की जीएसटी पोर्टलवर दुकानदाराच्या २बी पत्रकात उतरते. जमा झालेले पैसे बँकेच्या खातेउताऱ्यात असतात. नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेली विक्री बिलवार आपल्याच जीएसटीआर-१ या विवरणपत्रात असते. धीर धरून हे जुळवत गेलं, तर वर्षाची बरीचशी कीर्द उभी राहते. हाती लागत नाहीत ते रोखीचे किरकोळ व्यवहार आणि घरगुती गिऱ्हाइकांची उधारी. पोर्टलवर यांचे एकत्रित आकडेच जातात, नावं जात नाहीत. तेव्हा रोज रात्री दुकान बंद करताना बॅकअप घ्यावा, आठवड्यातून एकदा तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून उघडतो का पाहावं, आणि थकबाकीची यादी तेवढी छापून ठेवावी.